लाल डोळ्याच्या आत

[ओपीडीचा बाक, सकाळ]

कोल्हापुरातली डोळ्यांची ओपीडी. बाकावरच्या या शेतकरी दादांना ट्यूबलाइटचाही उजेड सोसवत नाही. डोळे आलेत असं समजून आठवडाभर मेडिकलमधले थेंब घालून झाले. पण डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, पापण्या चिकटतात. इथे तसलं काही नाही. एकच डोळा, आत ठणका, नजर धूसर आणि लाली नेमकी बुबुळाच्या कडेने.

[स्लिट लॅम्प]

स्लिट लॅम्प म्हणजे डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. खोली अंधारली आणि उजेडाची बारीक तिरपी रेघ डोळ्यात शिरली. निरोगी डोळ्यात पुढच्या भागातलं पाणी नितळ असतं. इथे मात्र माजघरातल्या कवडशात धूळ तरंगावी तशा पांढऱ्या पेशी तरंगताहेत. सुजलेल्या रक्तवाहिन्यांतून त्या पाझरून आल्यात. डॉक्टर त्या मोजतात. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद उजेडात 6 ते 15 दिसल्या तर सुजेची पायरी एक प्लस, 50 च्या वर गेल्या तर चार प्लस. बॅटरी मारून हे कधीच दिसणार नाही. लाल डोळा या यंत्रासमोर यायलाच हवा.

हा युव्हायटिस. डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराची सूज.

[बाहुली, जवळून]

बाहुली एका बाजूला ओढली गेलीय. तिच्याभोवतीच्या रंगीत पडद्याची कड मागच्या भिंगाला चिकटलीय. बाहुली मोठी करणारे थेंब घातले. आता बघत राहा. वरची कड सुटली. मग डावी. खालचा कोपरा अजून धरून आहे.

[पंचगंगेचा पूर, जुनं चित्रण]

सूज कशाने आली, याचा शोध डोळ्याबाहेर जातो. सकाळी कंबर आखडते का? घरात कुणाला टीबी? मग डॉक्टर विचारतात, "पुराच्या पाण्यात उतरला होतासा काय?"

"उतरायला लागतंयच की. म्हशी सोडायच्या हुत्या."

2019 आणि 2021 चे पूर कोल्हापूरने पाहिलेत. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू अशा पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतूनही अंगात शिरतात. ताप उतरून काही महिने गेल्यावरही डोळा सुजू शकतो. म्हणून तो जुना ताप डॉक्टरांना सांगायचा, विचारला नाही तरी. पुष्कळदा सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. उपचार तरीही करावेच लागतात.

उपचार लांबले की मोतीबिंदू, काचबिंदू, कधी नजरच जाते.

[औषधाची चिठ्ठी]

स्टिरॉइडचे थेंब, बाटली हलवून. सुरुवातीला तासातासाला, मग हळूहळू कमी. लाली गेली म्हणून एकदम थांबवायचे नाहीत, सूज उलटते. हेच थेंब तपासणीशिवाय घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, बुबुळावर जंतूंची जखम असेल तर ती चिघळते. चिठ्ठीशिवाय ते कुणाला मिळताच कामा नयेत.

दादांची पुढची तपासणी याच आठवड्यात. खालचा कोपरा तेव्हा पुन्हा पाहणार आहेत.