पासष्ट अंश, पण किती आवाजात?

मित्रहो, भारी ग्राफिक्स कार्डांची तुलना निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोडवर, म्हणजे पूर्ण कामाला जुंपल्यावर, टेंपरेचर किती? एक कार्ड ६५ अंश दाखवतं, दुसरं ७२, आणि तिथेच निकाल लागतो. मला आज या सवयीवर बोलायचंय. तो आकडा अर्धवट असतो. कूलरने किती वॅट उचलले, उचलताना किती आवाज केला आणि गरम हवा कुठे नेऊन सोडली, हे शेजारी मांडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आधी उष्णतेचा हिशोब करू. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅट खातं आणि त्याची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर बाजूचा चौकोन. ५०९० मध्ये ५७५ वॅट आणि ७५० चौरस मिलिमीटर. सगळी वीज काही चिपच खात नाही, काही वाटा मेमरीचा आणि वीजपुरवठ्याच्या भागांचाही असतो. तरी ढोबळ मानाने दर चौरस सेंटिमीटरमागे ७५ वॅटच्या घरात उष्णता निघते. कपड्यांची इस्त्री हजार वॅटची असली, तरी ती उष्णता दीडदोनशे चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरलेली असते. तिथे हा आकडा पाच ते सात वॅटच भरतो. म्हणून कूलरचं पहिलं काम वारा घालणं नव्हेच. एवढ्याशा जागेतली उष्णता फुटभर लांब पंख्यांखाली पसरवणं, हे पहिलं काम.

नुसत्या तांब्याच्या ठोकळ्याने ते जमत नाही. तिथे हीटपाइप आणि व्हेपर चेंबर लागतात. दोन्हींत तत्त्व एकच: हवा काढून टाकलेली बंद पोकळी, आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर आणि त्यात थोडंसं पाणी. चिपवर पाणी वाफ होतं, थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होतं आणि त्या थरातून शोषलं जाऊन परत येतं. पाण्याची वाफ करायला प्रचंड ऊर्जा लागते. त्यामुळे ४५० वॅट वाहून न्यायला सेकंदाला ०.२ ग्रॅम पाणी फिरलं तरी पुरतं. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा परत परत तपासला होता, इतका तो छोटा वाटतो.

यातली एक गोष्ट खोक्यांवर कधी छापलेली नसते. टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं, चिपचं तोंड खाली असतं आणि फिन, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, तिच्याही खाली. म्हणजे वाफ खाली उतरते आणि पाण्याला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढावं लागतं. ते काम तो सच्छिद्र थर करतो. थर कमी प्रतीचा असेल किंवा पाणी कमी भरलं असेल, तर उघड्या टेस्ट बेंचवर उभं ठेवलेलं कार्ड झकास चालतं आणि कॅबिनेटमध्ये आडवं केलं की तापतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या मूळ डिझाइनच्या काही कार्डांचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू, ११० अंशांवर जाऊन वेग कमी होत होता. काही व्हेपर चेंबरमध्ये पाणी अपुरं भरलं गेल्याचं एएमडीने नंतर मान्य केलं. त्याच चिपवर इतर कंपन्यांनी स्वतःचे कूलर लावलेल्या कार्डांत हा दोष नव्हता. म्हणून कोणतीही चाचणी वाचताना मी आधी बघतो की कार्ड कोणत्या स्थितीत बसवलं होतं.

आता पंखे. ४५० वॅट हवेत सोडायचे आणि हवा १५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा फिनमधून जायला हवी. हे गणित कोणत्याही कंपनीला चुकत नाही. फरक पडतो तो ही हवा किती शांतपणे हलवली यात. फिन दाट असतात, त्यामुळे पंख्याला नुसती हवा ढकलून भागत नाही, दाबही द्यावा लागतो. पात्यांची टोकं जोडणारी गोल कडी आज बहुतेक चांगल्या कार्डांवर दिसते ती याचसाठी. तिच्यामुळे टोकांवरून हवा मागे निसटत नाही. मधला पंखा उलटा फिरवण्यामागेही कारण आहे. शेजारचे दोन पंखे एकाच दिशेने फिरले, तर जिथे ते एकमेकांजवळ येतात तिथे पाती विरुद्ध दिशांना जातात आणि हवा घुसळते. एक उलटा केला की त्या फटीत दोघांची पाती एकाच दिशेने जातात.

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, आवाज मात्र अंदाजे १५ डेसिबलने चढतो. इथेच ६५ आणि ७२ चा घोळ उघडा पडतो. ६५ वालं कार्ड कदाचित पंखे बेफाम फिरवून तिथवर आलेलं असतं. त्याचे पंखे ७२ वाल्याच्या पातळीला आणले, तर ते ७५ वरही जाईल. म्हणून तुलनेची मला पटलेली रीत एकच: सगळ्या कार्डांना सारखे वॅट द्यायचे, पंखे हाताने लावून ठरावीक अंतरावरून सगळ्यांचा आवाज सारखा करायचा, समजा ३५ डेसिबल, आणि मग तापमान वाचायचं. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. असं केलं की तिन्ही पंख्यांवर दिवे लावलेले काही देखणे कूलर खाली घसरतात आणि साधी दिसणारी कार्डं वर येतात.

मेमरीकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि कूलरचा दर्जा खरा तिथे कळतो. आरटीएक्स ३०९० मध्ये एकेक जीबीच्या २४ मेमरी चिप होत्या, त्यातल्या १२ बोर्डाच्या पाठीवर. समोर भलामोठा कूलर आणि मागे नुसती धातूची पट्टी. मुख्य चिप ७० अंशांवर निवांत असताना मागची मेमरी शंभरी ओलांडायची. ३०९० टीआयमध्ये दोन-दोन जीबीच्या चिप आल्या, सगळ्या पुढे बसल्या आणि हा प्रश्न सुटला. पण पुढच्या बाजूलाही सगळी भिस्त थर्मल पॅडवर, म्हणजे मेमरी आणि कूलरमधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीवर असते. जुनं कार्ड उघडाल तेव्हा पॅड उजेडासमोर तिरपा धरून पाहा. मेमरी चिपचा चौकोन त्यावर स्पष्ट, चारही कडांसकट उमटलेला दिसला, तर पकड चांगली. एखाद्या चिपचा ठसा एका बाजूलाच उमटला असेल किंवा पॅड गुळगुळीतच राहिला असेल, तर ती चिप इतके दिवस बहुतांशी हवेच्या भरवशावर चालली. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने असं होतं. उलट जास्त जाड पॅड लावला की कूलर मुख्य चिपवरून उचलला जातो आणि तिचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांतली दरी वाढते. ही दरी दहापंधरा अंशांची असेल तर काळजी नाही. ती तीसच्या पुढे गेली, तर कूलर कितीही महागाचा असो, तो नीट बसलेला नाही.

गरम हवा जाते कुठे, याला मी आवाजाइतकंच महत्त्व देतो. जुने ब्लोअर कूलर गोंगाट करायचे, पण हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकायचे. तीन पंख्यांचा कूलर ती कॅबिनेटमध्येच सोडतो. २०२० च्या ३०८० फाउंडर्स एडिशनपासून, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या डिझाइनच्या कार्डापासून, कंपनीने बोर्ड आखूड करून एका पंख्याची हवा कार्डाच्या आरपार काढली आणि ५०९० मध्ये दोन्ही पंखे तसेच केले. दोन स्लॉटच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या कार्डांच्या दोन खाचांच्या, जाडीत ५७५ वॅट बसवणं ही देखणी इंजिनिअरिंग आहे, मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. फक्त त्या कार्डाच्या वर कागदाची पट्टी धरा, ती फडफडत वर उठते. तीच गरम हवा पुढे प्रोसेसरच्या कूलरमध्ये शिरते. कॅबिनेटच्या छतावर हवा बाहेर ओढणारे चांगले पंखे नसतील, तर कार्ड थंड दिसेल आणि प्रोसेसर तापेल.

इतर कंपन्या साडेतीन-चार स्लॉटचे, दोन किलोंच्या वरचे कूलर देतात. फिनचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून पंखे संथ आणि आवाज कमी. हा फायदा खरा आहे. असूसने नॉक्टुआ या पंखे बनवणाऱ्या कंपनीबरोबर काढलेल्या कार्डांत १२० मिलिमीटर व्यासाचे, २५ मिलिमीटर जाडीचे पंखे लावले. कार्ड चार स्लॉटच्या पुढे गेलं, पण आवाजाच्या बाबतीत मी त्यांना वरचं स्थान देतो. हाताने काम करायची तयारी असेल, तर आहे त्या कार्डाचं प्लास्टिकचं आवरण आणि पंखे काढून फिनवर कॅबिनेटचे दोन जाड पंखे बांधता येतात. वॉरंटीचा विचार आधी करा. जाड कूलरसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, ७५ टक्क्यांवर आणून पाहा. ४०९० सारख्या कार्डाचा वेग त्याने थोडाच उतरतो, पण शंभराहून जास्त वॅट कमी होतात आणि साधा कूलरही शांत होतो.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय की मग सरळ लिक्विड, म्हणजे पंपाने पाणी फिरवून थंड होणारं कार्ड, का घेऊ नये. चिपच्या तापमानात ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे ते पाणी थंड करणारी जाळी, जवळजवळ नेहमीच जिंकतो, आणि उष्णता कॅबिनेटच्या छतावरून थेट बाहेर जाते. पण दोन गोष्टी तपासा. मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भाग त्याच पाण्यावर थंड होतात, की कार्डावरच्या एका छोट्या पंख्यावर सोडलेत? आणि पंपाचा आवाज कसा आहे? हवेवरच्या कार्डाचे पंखे काम नसताना पूर्ण थांबतात. पंप थांबत नाही, त्यामुळे रात्री शांत खोलीत नुसतं वाचत बसलात तरी त्याची बारीक घरघर ऐकू येते. शिवाय पाणी तापायला वेळ घेतं. पहिल्या पाच मिनिटांत लिक्विड कार्ड फारच थंड दिसतं, खरा आकडा अर्ध्या तासाने स्थिरावतो. तेव्हा कोणी असा आलेख दाखवला, तर त्याच्या खालच्या अक्षावरची मिनिटं आधी वाचा.