स्कोक्लोस्टर: मालक बदलले, सामान हललं नाही

नमस्कार श्रोतेहो. स्टॉकहोम आणि उप्सालाच्या मधे, मेलारेन सरोवराच्या काठी, चार कोपऱ्यांना अष्टकोनी मनोरे असलेला एक पांढरा वाडा उभा आहे. स्कोक्लोस्टर. नावातला ‘क्लोस्टर’ म्हणजे मठ. मुळात ही जागा सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींची. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठाच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि 1611 साली ही जहागीर हर्मान व्रांगेल या सरदाराला मिळाली. त्याचा मुलगा कार्ल गुस्ताव्ह, सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धातला सेनापती. 1654 मध्ये त्याने आजच्या वाड्याचं बांधकाम सुरू केलं आणि 1676 मध्ये तो वारला. त्याबरोबर कामही थांबलं. मेजवानीचा मोठा दिवाणखाना आजही तसाच अर्धवट आहे. उघड्या विटा, परांची, कारागिरांची हत्यारं, सगळं जागच्या जागी.

वाडा थोरल्या मुलीकडे, मार्गारेता युलियानाकडे आला. तिचं लग्न ब्राहे घराण्यात झालेलं. 1701 मध्ये मालमत्तेला ‘फिदेईकोमिस’ची अट लागली, आणि खरी गोम इथेच आहे. या अटीत वारस एकच. त्याने वाड्यात राहावं, उत्पन्न खावं; पण विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, भावंडांत वाटायचं नाही. म्हणजे मालक नावाचा, काम राखणदाराचं. एरवी दोन-तीन पिढ्यांतच वाटण्या होऊन चित्रं एकाकडे आणि शस्त्रं दुसऱ्याकडे गेली असती. इथे मात्र इटालियन चित्रकार आर्चिंबोल्डोचं ‘व्हर्टुम्नस’ हे चित्र अजून भिंतीवर आहे. फळाफुलांनी घडवलेला सम्राट रुडॉल्फचा चेहरा तो हाच.

1756 मध्ये संसदेविरुद्ध, राजाच्या बाजूने कट केल्याबद्दल एरिक ब्राहेचा शिरच्छेद झाला, तरी वाडा घराण्यातच राहिला. 1930 मध्ये ब्राहेंची पुरुषशाखा संपली आणि तो फॉन एसेन घराण्याकडे आला. 1963 च्या कायद्याने स्वीडनने अशा अटी मोडीत काढायला घेतल्या, आणि 1967 मध्ये सरकारने वाडा सामानासकट विकत घेतला.

आता राखणदार सरकार, आणि त्याची डोकेदुखी ओल. खोल्यांना गरम करायची सोय नाही. जाड भिंती हिवाळाभर गारठतात. वसंतात बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरली की थंड भिंतीपाशी आर्द्रता वाढते, आणि कापडावर, सोनेरी चामड्याच्या भिंतआच्छादनांवर बुरशी धरते. म्हणून अशा दिवसांत ‘हवा खेळू दे’ म्हणत खिडक्या उघडल्या, तर ओल उलट वाढते.