हेल्मेट घातलं की झालं? बुल रायडरच्या डोक्याचं काय होतं

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या बुल रायडिंगच्या रील्स सध्या सगळ्यांच्याच फोनवर फिरतायत, आणि माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न, ‘दादा, हे लोक हेल्मेट का घालत नाहीत?’

बेसिक पटकन सांगतो. उड्या मारणाऱ्या बैलावर आठ सेकंद बसायचं, एक हात दोरीत, दुसरा हवेत. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या शायेन शहरात लेन फ्रॉस्ट नावाचा रायडर बैलावरून उतरला, बैलाने मागून धडक दिली, बरगड्या मोडल्या, गेला. मग त्याचा मित्र कोडी लॅम्बर्टने जॅकेट बनवलं. पण ते छातीसाठी, मान-डोक्यासाठी नाही! हेल्मेटची सक्ती पीबीआरने (प्रोफेशनल बुल रायडर्स, या स्पर्धा भरवणारी संस्था) २०१३ मध्ये आणली, तीही १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. बाकीच्यांना हॅट चालते. मला हे अजिबात पटत नाही.

पण ‘हेल्मेट घातलं की झालं’ हे तर त्याहून पटत नाही. हेल्मेटने कवटी वाचते, चेहरा वाचतो. मेंदू आत हिंदकळतो त्याचं काय? आणि चेहरा तरी दरवेळी कुठे वाचतो? १९९५ ला बोडेशियस नावाच्या बैलावर स्कॉट ब्रीडिंग हॉकीचा मास्क घालून बसला, रायडर पुढे झुकला की तो बैल डोकं वर मारायचा, तसंच झालं, मास्क असून डोळ्याची खोबण फुटली.

माझा मामेभाऊ कबड्डीत डोक्यावर आपटला होता. उठला, हसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, आणि नंतर दर दोन मिनिटांनी विचारतोय, स्कोअर किती? रक्ताचा थेंब नाही! कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, असंच असतं, बाहेरून दिसतच नाही.

एकाने लिहिलंय, ‘उठून चालला म्हणजे ठीक आहे’. नाही ओ! कॅनडाचा रायडर टाय पोझोबन असाच पुन्हा पुन्हा उठला. जानेवारी २०१७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. घरच्यांनी मेंदू तपासायला दिला, त्यात सीटीई निघाला, म्हणजे वारंवार मार बसून होणारा आजार.

आणि पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. पण बहुतेक रायडर्सना महिन्याचा पगार नसतो, बसला तरच पैसे, मग तो ‘मी ठीक आहे’च म्हणणार ना? म्हणून परत कधी बसायचं हे त्याला विचारूच नका, सीझनच्या आधी आठवण, तोल तपासणारी टेस्ट घेऊन ठेवा, पडल्यावर परत घ्या, आकडे जुळेपर्यंत डॉक्टरने बसू द्यायचं नाही. आणि मान दुखतेय म्हणाला तर हाताला धरून उठवू नका, मान हलवायचीच नाही.

पुढची रील बघाल तेव्हा बैल सोडा, पडलेला माणूस उठताना कसा चालतो ते बघा. अडखळला, रिकाम्या नजरेने बघत राहिला, तर मला लिंक टाका, पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ.