सोलापूरचे हात आणि रंगीत खडे

(दृश्य : सकाळची वेळ. सराफ बाजारातलं एक छोटं दुकान. काउंटरवर लाल मखमल, तिच्यावर खड्यांच्या अंगठ्या.)

दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक खडा देखणाच दिसतो. पाचू हिरवागार, माणिक रसरशीत, पुष्कराज लखलखीत. वरून प्रखर प्रकाश, खाली मखमल, समोर आरसा. या सगळ्या थाटात आपल्या स्वतःच्या हाताकडे नीट बघायचं राहूनच जातं. खडा मात्र पुढची कित्येक वर्षं त्याच हातात राहणार असतो.

(दृश्य : काउंटरच्या अलीकडे बसलेली एक गृहिणी, पलीकडे वयस्कर सराफ.)

"अण्णा, तो मोठा पाचू दाखवा की."

"दाखवतो की अक्का. तुम्ही खडा बघायलाव, मी तुमचा हात बघायलोय. भाकऱ्या रोज करताव का?"

"दोन्ही वेळच्या."

"मग हा उंच बैठकीचा नको. पीठ अडकतंय खडा धरणाऱ्या नख्यांत, आणि परातीवर आपटला की गेला."

अण्णांचा प्रश्न अगदी योग्य आहे. खडा हाताला शोभतो का, हे ठरवताना रंगाच्याही आधी बघायचं ते हाताचं काम. आणि सोलापूर हे तर कामाच्या हातांचंच गाव. विडी वळणारे हात, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारे हात, टॉवेलच्या घड्या घालणारे, कडक भाकरी थापणारे, फळ्यावर खडूने लिहिणारे, बँकेत नोटा मोजणारे. या प्रत्येक हाताला शोभेल असा खडा आहे. फक्त सगळ्यांना एकच खडा नाही.

(दृश्य : सोलापूरजवळच्या कुंभारीचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत. ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या बायका. कॅमेरा फक्त बोटांवर.)

ही बोटं बघा. भिजवलेलं तेंदूचं पान साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, त्यात तंबाखू भरायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सगळं काम अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाचं. तिथे अंगठी आली की पान फाटतं आणि दोरा अडकतो. अनामिका आणि करंगळी मात्र बरीचशी मोकळी. म्हणून या मावशींच्या अनामिकेत एक बसकी अंगठी दिसते. लाल खडा, वरून गोलसर घुमटीसारखा, चारही बाजूंनी सोन्याच्या पट्टीत बसवलेला. त्याला पैलू नाहीत, वर आलेल्या नख्या नाहीत. दोरा त्याच्यावरून सरकून जातो. तंबाखूचा तपकिरी रंग चढलेल्या बोटांवर तो लाल खडा इतका उठून दिसतो, की शोरूमच्या कुठल्याही फोटोत मला असा दिसलेला नाही.

खड्याच्या चारही बाजूंनी पट्टी असेल, तर कडेला मार लागत नाही. नख्यांच्या बैठकीत उजेड जास्त शिरतो, खडा जास्त चमकतो, पण नखी कपड्यात अडकते, वाकते आणि एक दिवस खडा पडतो. कामाच्या हातासाठी पट्टीची बैठक, समारंभाच्या हातासाठी नख्यांची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ नुकसान टळतं.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांना मात्र एकच सांगणं आहे, आणि ते अगदी काळजीपोटी. मागावर असताना अंगठी घालू नका. चालत्या भागात अंगठी अडकली, तर ती सुटत नाही, बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. कामावर निघतानाच अंगठी काढून घरी ठेवा.

(दृश्य : दुपार. रस्त्यावरून गेलेल्या टमटमच्या मागे उडणारी धूळ.)

आता थोडं खड्यांच्या टणकपणाविषयी. फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञानं १८१२ साली १ ते १० अशी मोजपट्टी घालून दिली, ती आजही वापरतात. हिरा १०. माणिक आणि नीलम ९. ही दोन्ही एकाच खनिजाची रूपं, कुरुंदाची. क्रोमियममुळे ते लाल होतं तेव्हा माणिक, लोह आणि टायटॅनियममुळे निळं होतं तेव्हा नीलम. पुष्कराज म्हणून आपण घेतो तो पिवळा खडाही बहुधा याच घराण्यातला असतो. पाचू साडेसात ते आठ. जांभळा अमेथिस्ट आणि पिवळा सुनेला म्हणजे स्फटिकच, ते ७ वर. ओपल आणि फिरोजा सहाच्या आसपास. पोवळं साडेतीनच्या आसपास, मोती अडीचच्या.

यातला ७ हा आकडा सोलापूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते कण म्हणजे स्फटिक, टणकपणा ७. म्हणजे ७ च्या खालचा कुठलाही खडा आपली रोजची धूळ घासून घासून मंद करते. धुळकट मोती कोरड्या फडक्यानं जोरात पुसला, तर तो स्वच्छ होत नाही, ओरखडला जातो. स्कूटीवरून रोज होटगी रोडला जाणाऱ्या मुलीनं बोटात फिरोजा घालण्यापेक्षा कानात घालावा. बोटात तामडा (गार्नेट) घालावा, नीलम घालावा. परवडत नसेल तर अमेथिस्टही चालेल, पण तो तासन्‌तास उन्हात राहिला तर रंग फिका पडू शकतो.

उन्हाचा विषय निघालाच आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. ओपलमध्ये पाणी असतं. अशा कोरड्या उष्णतेत त्याला बारीक तडे जाऊ शकतात. पाचूची गोष्ट वेगळी. बहुतेक पाचूंमध्ये जन्मतःच बारीक चिरा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल मुरवलेलं असतं. ही फसवणूक नाही, जगभरची रीत आहे. विकताना सांगितलं म्हणजे झालं. पण उष्णतेनं, गरम पाण्यानं, भांड्यांच्या साबणानं ते तेल निघून जातं आणि चिरा उघड्या पडतात. म्हणून कागदावर पाचू साडेसातचा असला, तरी वागणुकीला नाजूक. अण्णांनी अक्कांना पाचू नाकारला, त्यामागे हेही होतंच.

माणकाच्या बाबतीत आणखी एक जपायचं. बाजारात स्वस्तातली मोठमोठी माणकं दिसतात. त्यातल्या कित्येकांच्या भेगांमध्ये शिसं मिसळलेली काच भरलेली असते. असा खडा बोटात ठेवून लिंबू पिळलं, तरी काच खराब होऊन खड्यावर पांढुरक्या रेघा येतात. मोठ्या रकमेचा खडा असेल, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. प्रयोगशाळेतच तयार झालेलं माणिक ही पुन्हा निराळी गोष्ट. ती कला १९०२ पासून जगाला ठाऊक आहे, आणि रसायन म्हणून ते माणिकच असतं. हौसेसाठी ते घेण्यात काहीच कमीपणा नाही. किंमत मात्र त्याचीच द्यायची, खाणीतल्या माणकाची नाही.

(दृश्य : दुकानाच्या पायरीवर, उन्हात पसरलेला तळहात. अनामिकेत आधी निळा खडा, मग लाल.)

रंग. सर्वांत जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात. "सावळ्या हाताला गडद रंग शोभत नाहीत" असं सांगून कित्येक मुलींच्या हातात फिकट गुलाबी खडा दिला जातो. मला हे पटत नाही. सावळ्या हातावर माणिक, पिवळा पुष्कराज, केशरी पोवळं आणि फिरोजा जे खुलतात, ते गोऱ्या हातावर तितके खुलत नाहीत. काळजी घ्यायची ती एकाच रंगाची, काळपट निळ्याची. शाईसारखा गडद नीलम घरात गेला की काळाच दिसतो. तो आवडलाच असेल, तर भोवती बारीक पांढऱ्या खड्यांची किंवा मोत्यांची ओळ घ्यावी, म्हणजे निळा रंग वेगळा कळतो. गव्हाळ हाताला तामडा, सुनेला, पोपटी पेरिडॉट असे उबदार रंग सोन्यात छान बसतात. गोऱ्या, गुलाबीसर हातावर फिका पिवळा हरवतो. तिथे पाचू किंवा जांभळा घ्या.

आणि हात कधी एकटा नसतो. लग्नात हिरवा चुडा भरला की त्याच्या शेजारी पाचू दिसेनासा होतो, माणिक मात्र झळकतं. मेंदी गडद रंगली असेल, तर नेमकं उलटं: लाल खडा मेंदीत बुडतो आणि हिरवा वर येतो. हळदीच्या दिवशी मोती आणि पोवळं डबीतच ठेवा. हळदीचा डाग त्यांच्यात मुरतो.

खडा ठरवण्याआधी तो घालून दुकानाबाहेर पायरीवर या. आधी उन्हात बघा, मग सावलीत. जमलं तर संध्याकाळी पुन्हा या आणि पिवळ्या दिव्याखाली बघा. माणिक पिवळ्या उजेडात खुलतं. चांगल्या माणकाला तर उन्हातही आतून लाली येते, कारण त्यातलं क्रोमियम स्वतः लाल प्रकाश टाकतं. नीलम दिवसाच्या उजेडात अधिक चांगला. तुम्ही तो खडा लग्नाच्या रात्री घालणार की रोज ऑफिसात, त्यावरून कोणत्या उजेडावर विश्वास ठेवायचा ते ठरतं. चांगला सराफ यासाठी कधी नाही म्हणत नाही, सोबत माणूस देतो.

(दृश्य : वेगवेगळ्या वयांचे हात, एकाशेजारी एक.)

आकाराचं थोडक्यात. आखूड बोटांना लांबट खडा, अंडाकृती किंवा दोन्हीकडे टोकदार, बोटाच्या दिशेनं बसवलेला. लांब, सडपातळ बोटांना चौकोनी किंवा आडवा. खडा बोटाच्या रुंदीबाहेर जाऊ नये, नाहीतर शेजारची बोटं जवळ येत नाहीत. रुंद पट्टीनं बोट आणखी आखूड दिसतं.

वयस्कर हातांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. आजींच्या हाताच्या शिरा वर आलेल्या, पेरं जाडावलेली. घरचे लोक त्यांच्यासाठी हमखास नाजूक, बारीक अंगठी आणतात आणि ती त्या हातात दिसतसुद्धा नाही. अशा हाताला मोठा, साधा, एकच खडा शोभतो. गोल घुमटीचं माणिक, मोठं पोवळं, अकीक. हातालाच इतकं काही सांगायचं असतं, की अंगठीनं बारीकसारीक नक्षी करू नये. पेराची अडचण अशी, की पेरावरून जाईल एवढी अंगठी घेतली तर ती खाली येऊन गरगर फिरते आणि खडा तळव्याकडे जातो. त्यावर इलाज आहे. कारागीर अंगठीच्या आत, खालच्या बाजूला, सोन्याच्या दोन बारीक गोळ्या बसवतो. अंगठी पेरावरून जाते आणि खाली घट्ट राहते.

माप सकाळी थंड हातानं देऊ नका. उन्हानं, चालण्यानं, जेवणातल्या मिठानं बोट फुगतं. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी, जानेवारीच्या थंडीत माप दिलेली अंगठी मे महिन्यात निघता निघत नाही. दुपारनंतरचं माप घ्या, आणि दोन्ही हातांचं वेगळं घ्या. ज्या हातानं काम जास्त, त्याची बोटं बहुधा जाड असतात. खड्याची अंगठी शक्यतो दुसऱ्या हातात घाला. म्हणजे जेवताना शेंगाचटणीचं तेलही खड्याखाली जात नाही.

मनगटासाठी खड्याची पाटली किंवा बांगडी घेत असाल, तर कासाराकडे मिळतं तेच माप कामाला येतं. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच, दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा आणे (इंचाचे सहा सोळांश), दोन-आठ म्हणजे अडीच. खड्याच्या दोन पाटल्या शेजारी शेजारी घालू नका, मध्ये एक साधी सोन्याची बांगडी असू द्या. नाहीतर टणक खडा शेजारच्या मऊ खड्याला घासत राहतो.

ग्रहांसाठी खडा घालणारे आपल्याकडे पुष्कळ. अनामिकेत माणिक, तर्जनीत पुष्कराज, मधल्या बोटात नीलम, करंगळीत पाचू, आणि खडा कातडीला लागावा म्हणून बैठक खालून उघडी. ज्याची श्रद्धा, त्यानं तसं घालावं. फक्त उघड्या बैठकीत घाम, साबण आणि पीठ साठतं, तेव्हा ती आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं खालच्या बाजूनं धुवा. मोती आणि पोवळं असेल तर ओल्या मऊ कापडानं नुसतं पुसा.

(दृश्य : पुन्हा काउंटर. तराजू, बिलबुक.)

पैसे देण्याआधी बिल वाचा. सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वेगळं लिहिलेलं हवं. खड्याचं एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम; पाच कॅरेटचा खडा म्हणजे एक ग्रॅम. तो सोन्याच्या भावानं लावला गेला, तर तेवढे पैसे फुकट गेले. सोन्याचं कॅरेट मात्र वजन नाही, शुद्धता सांगतं. नख्यांच्या बैठकीला बावीस कॅरेटचं सोनं, ९१६, मऊ पडतं. अठरा कॅरेटचं, ७५०, खडा जास्त घट्ट धरतं. कुणी कमी प्रतीचं म्हणालं तरी खड्यासाठी तेच योग्य. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामाला सक्तीतून सूट आहे, म्हणून तिथे शुद्धता बिलावरच लिहून घ्या.

आणि अंगठी नंतर सैल किंवा घट्ट करून मिळेल का, हे आत्ताच विचारा. पूर्ण गोलात खडे जडवलेली अंगठी सहसा वाढवता येत नाही. पाचू, ओपल किंवा मोती असेल तर सोनं जोडायला डाग देण्याआधी खडा काढावा लागतो, नाहीतर आचेनं तो जातो. त्याची मजुरी किती, पुन्हा बसवताना खडा फुटला तर भरपाई कुणाची, हे बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून सही घ्या.