थेंब दिसला, परत धू

(सकाळ. विद्यापीठाची मुख्य इमारत, समोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. झाडीतून मोर.)

सकाळचे साडेसात. फिरायला आलेली माणसं घराकडं वळलीत, रस्ता सध्या मोरांचा आहे. कोल्हापुरात १८८० साली राजाराम कॉलेज निघालं, आणि १८ नोव्हेंबर १९६२ ला हे शिवाजी विद्यापीठ. कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडची मुलं पहिल्या एसटीनं इथं येतात. त्यातली थोडी एमएस्सी होऊनही परत जात नाहीत. ती प्रयोगशाळेत शिरतात.

आपण त्यांच्या मागोमाग चाललोय.

(बेसिन. नळ. हातमोजे घातलेले दोन हात.)

हिचं पीएचडीचं हे तिसरं वर्ष. तरी दिवसाची सुरुवात काच धुण्यानंच होते. काचेची साधी स्लाइड, बोटाएवढी. हिच्यावर पुढं एक पातळ थर चढवायचा आहे. रात्रभर ती क्रोमिक आम्लात होती. आता साबणाचं पाणी, मग नळाचं, मग डिस्टिल्ड वॉटर. आणि मग ही परीक्षा. नीट बघा.

(स्लाइड तिरपी धरलेली. पाणी उतरतंय.)

पाणी सलग, चादरीसारखं उतरलं तर काच स्वच्छ. मधेच फाटलं, थेंब धरून राहिलं, तर तिथं अजून तेलकटपणा आहे. बोटाचा नुसता ठसाही पुरतो. डोळ्याला जे दिसत नाही, ते पाणी दाखवतं.

मागं उभे आहेत ते तिचे गाइड. सकाळची लेक्चर्स सुरू व्हायच्या आधी रोज अर्धा तास ते याच बेसिनपाशी असतात. बोलणं फार नाही. थेंब दिसला की म्हणतात, "परत धू की." ती परत धुते.

(इथे निवेदन नाही. फक्त नळाचा आवाज.)

आता बीकर. कॅडमियमच्या क्षाराचं पाणी, बिनरंगाचं. त्यात ती अमोनिया सोडते, थेंबाथेंबानं. आधी ते दुधासारखं गढूळतं. अमोनिया पडत राहिला की पुन्हा नितळ होतं. मग थायोयुरिया. धुतलेल्या स्लाइड बीकरच्या कडेला टेकवून उभ्या करायच्या आणि बीकर ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचा.

ही रासायनिक अवगाहन पद्धत. इंग्रजीत केमिकल बाथ डिपॉझिशन, लॅबमधली मुलं नुसतं 'सीबीडी' म्हणतात. अमोनियानं कॅडमियमला धरून ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं. थायोयुरियातून गंधकही तसंच हळूहळू सुटतं. दोघांची गाठ काचेवर पडली की थर धरतो. घाई झाली, तर सगळं एकदम तयार होऊन तळाला गाळ बसतो आणि काच कोरीच राहते. हिच्या पहिल्या वर्षाच्या वहीत असे कोरे दिवस पुष्कळ आहेत. एकही पान फाडलेलं नाही.

(बीकरचा क्लोजअप. पाणी पिवळं होत जातंय.)

बघा, आला रंग. आधी फिकट, मग हळदीसारखा. कॅडमियम सल्फाइड निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून पिवळं दिसतं. बाकीचा बराच प्रकाश त्यातून पार होतो, म्हणून पातळ थरांच्या सौर घटांत सूर्याच्या बाजूला हा थर देतात. कॅडमियम विषारी आहे. त्यासाठीच हातमोजे, आणि वापरलेलं पाणी बेसिनमध्ये न ओतता त्या झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये. हेही कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं.

इथं निर्वात पंप नाही, महागडा कक्ष नाही. बीकर, गरम पाणी आणि माणसाचं लक्ष, एवढंच भांडवल. कोल्हापूरच्या पदार्थविज्ञान विभागानं पातळ थरांच्या संशोधनात जे नाव मिळवलं, त्यात या बीकरचा वाटा मोठा आहे.

(वजनकाटा. वही. पेन.)

थर किती जाड झाला हे कळायला स्लाइड आधी तोलायची, थर चढल्यावर पुन्हा तोलायची. फरक म्हणजे थराचं वजन. क्षेत्रफळ आणि घनता माहीत असली की जाडी निघते. हिनं पाच वेळा तोललं. चार आकडे जवळजवळ सारखे, पाचवा भलताच.

आमचा कॅमेरा चालू होता तेव्हाची ही गोष्ट. पाचवा आकडा लिहिताना तिनं पेन ठेवलं आणि पेन्सिल घेतली. सरांनी काही न बोलता खिशातलं पेन काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं आकडा पेननं लिहिला, त्यावर एकच आडवी रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'खिडकी उघडी होती, काटा हलत होता.' खाली तारीख, सही.

या लॅबमध्ये खोडरबर नाही. व्हाइटनर नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधातल्या मजकुराचं साम्य तपासणं आलं. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढं पायरीपायरीनं कारवाई. हवंच होतं ते. पण शब्द उचलले तर सॉफ्टवेअर सांगतं. नको असलेला पाचवा आकडा वहीत आलाच नाही, तर कोण सांगणार? तिथं उपयोगी पडतं ते खिशातून काढलेलं पेनच. आम्हाला या फिल्ममध्ये दाखवायचं आहे ते हेच.

(जुना काळा फळा. रिकामा वर्ग.)

जयंत नारळीकर याच कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८ ला. वाढले बनारसला. तिथं घरी फळा होता. मोरूमामा त्यावर एखादं गणित लिहून ठेवायचे, भाच्याला आव्हान म्हणून. सुटेपर्यंत गणित फळ्यावर तसंच राहायचं. पुढं केंब्रिजला फ्रेड हॉइल गुरू म्हणून लाभले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं मन मात्र त्या घरातल्या फळ्यापाशी अडकतं. उत्तर न सांगता वाट बघणारं मोठं माणूस मुलाला मिळालं होतं.

(चहाची टपरी. पाच-सहा जण, मधे सर.)

दुपारी टपरीवर नव्या शोधनिबंधाचा विषय निघतो. पहिलं नाव कुणाचं? ज्यानं स्लाइड धुतल्या, त्याचं. सरांचं शेवटी. एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी थराची रचना तपासायच्या चाचणीचे, आलेख काढून देणाऱ्या ज्युनिअरचं नाव राहिलं होतं, ते चहा संपायच्या आत आलं.

२०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४. आठ जणांच्या आठ वह्या रोज बघायच्या तर किती वेळ जात असेल, हिशेब करा. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांची संख्या विचारतात. बेसिनपाशी उभं राहिलेल्या अर्ध्या तासाला त्यात रकाना नाही. तो असायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(हॉस्टेलची खोली. संध्याकाळ.)

फेलोशिपचे पैसे कधी महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि पदवी हातात आल्यावरही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची नोकरीच येते.

(रात्र. लॅब. दिवे एकेक मालवले जातात.)

आठ वाजले. वॉटर बाथ बंद. सर गेले. आज थर बसलेल्या चार स्लाइड पेटीत, प्रत्येकीवर नंबर. उद्याच्या नव्या स्लाइड आम्लात. बरणीवर तिनं चिठ्ठी लावलीय. नाव, तारीख, आत काय आहे ते, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'हात लावू नये. सकाळी मीच काढीन.'

(दार. कुलूप. कॉरिडॉरमधून दूर जाणारी पावलं. निवेदन नाही.)