पवनचक्की उभी राहिली, पण वीज किती झाली?

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, की पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात. पावसाळ्यात तिथला वारा माणसाला धड उभं राहू देत नाही. पण या चक्क्या तिथे आल्या, त्यात वाऱ्याइतकाच हात आयकराचाही होता.

पवनचक्की घेणाऱ्या कंपनीला तिची किंमत घसारा, म्हणजे यंत्राची झीज, म्हणून करपात्र नफ्यातून झपाट्याने वजा करता येई; तेवढा कर वाचे. नव्वदच्या दशकात पहिल्याच वर्षी 100 टक्के, पुढे 80 टक्के. सवलत होती ती चक्की उभी केल्याबद्दल. ती फिरली किती, हे कुणी विचारत नव्हतं. 2009च्या अखेरीस केंद्र सरकारने दुसरी वाटही खुली केली: घसाऱ्याची ही सवलत न घेणाऱ्याला तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे.

एक मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण ताकदीने फिरली, तर 87 लाख 60 हजार युनिट वीज होईल. वारा तसा कुठे मिळतो? त्याच्या 20 टक्के साधले, तर साडेसतरा लाख. 25 टक्के साधले, तर जवळजवळ बावीस लाख. हा चार लाखांहून अधिक युनिटांचा फरक कशाने पडतो? जागा पारखून घेतली का, ऐन जुलैत बिघडलेला गिअरबॉक्स किती दिवसांत दुरुस्त झाला, अशा गोष्टींनी. चक्कीची ताकद सांगणाऱ्या मेगावॅटच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

तरी करसवलतीला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. कुणी पैसा घालायला धजत नव्हतं, तेव्हा तिनेच बाजार उभा केला. 2012मध्ये दोन्ही सवलती एकदमच थांबल्या आणि पुढच्या वर्षी नव्या चक्क्यांची उभारणी जवळपास निम्म्यावर आली. पण दोन्ही एकाच वेळी गेल्यामुळे फटका नेमका कुणामुळे बसला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. धोरण बदलतानाच मोजमापाची सोय ठेवायला हवी ती यासाठी.

आज सौर कृषिपंपांचंही तेच चाललंय. किती पंप बसवले, तेवढंच कानावर येतं. केंद्राच्या कुसुम योजनेतून बसवलेल्या सौर पंपांना दुरून देखरेख करणारी यंत्रणा असते. पंप किती चालला, कधी बंद पडला, याची नोंद तिच्यात होते. ती नोंद गावनिहाय जाहीर करा, सोबत उपशाचा परिणाम कळावा म्हणून विहिरींची पाणीपातळीही द्या, अशी मागणी आपण ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.