वजन अडलंय, थायरॉईड बघू या का?

मंडळी, उतरता उतरता वजनाचा काटा अडला की आपल्याकडे पहिला संशय थायरॉईडवर. कित्येक जण दवाखान्यात येण्याआधी लॅबमधून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, परस्पर करूनच येतात, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की त्यांचा चेहरा पडतो. आजार निघाला नाही म्हणून वाईट वाटावं, अशी दुसरी तपासणी मी पाहिलेली नाही.

थायरॉईड तपासावा, जरूर तपासावा. पण तो कमी पडल्याने वाढणारं वजन बहुधा दोन-चार किलोच असतं आणि त्यातही बराच भाग मीठ-पाण्याचा. वीस किलोंचा आळ त्याच्यावर घालता येत नाही.

मग वजन का अडतं? पहिल्या पंधरवड्यात जे झरझर उतरतं त्यात पाणी पुष्कळ असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा असतो, तो ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी झालं की आधी हा साठा मोडतो. चरबी सावकाश जाते. शिवाय 90 किलोंचा माणूस 78 वर आला, की तोच जिना चढायला त्याला कमी ऊर्जा पुरते. जानेवारीत ज्या जेवणावर वजन उतरत होतं, जुलैत त्याच जेवणावर जेमतेम बरोबरी होते.

इथवर साधा हिशेब झाला. शरीर त्याच्याही पुढे जातं. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतले 14 स्पर्धक संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. 2016 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात त्यांचा विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च, त्यांच्या अंगकाठीला जितका हवा त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी भरला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, तरी खर्च काही पूर्ववत झाला नव्हता. पेशंटला 'तुमची इच्छाशक्तीच कमी' असं सुनावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे वाचावं.

आता नाण्याची दुसरी बाजू, ती थोडी टोचेल. 'मी काहीच खात नाही तरी उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांचा 1992 मध्ये अमेरिकेत बारकाईने अभ्यास झाला. सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघालं. ही माणसं खोटारडी नव्हती. आपल्याच स्वयंपाकघरात बघा ना! पोळ्या मोजतो, पण कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट कोण मोजतं? तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरी. संकष्टीच्या साबुदाणा खिचडीबद्दल मी बोलत नाही, इथे ओळखीची मंडळी बसली आहेत. म्हणून माझा आग्रह असतो, की घरात फोडणी जो कोणी घालतो त्याला सोबत आणा.

आणि आणखी एक आणा, औषधांची पिशवी. सगळी, जशीच्या तशी. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ब्लडप्रेशरचं अ‍ॅटेनोलॉल, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, झोपेसाठी दिलेलं मिर्टाझापीन, यातलं कुठलंही वजन धरून ठेवू शकतं. बऱ्याचदा पर्याय असतो, पण तो डॉक्टरांनी शोधायचा. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

एक बाई आल्या होत्या. बरंच वजन उतरवलं होतं, मग अडलं आणि नंतर भराभर चढायला लागलं. थायरॉईड नॉर्मल. मला खटकलं ते वेगळंच. चेहरा गोल झालेला, हातांवर काळेनिळे डाग, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकवत होत्या. पिशवी रिकामी करायला लावली, तर तळाशी कागदाच्या पुड्या. 'ते औषध नाही हो, गुडघ्यांसाठी आयुर्वेदिक आहे.' पुडीवर ना नाव, ना घटक. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी तळाला. म्हणजे पुडीत स्टेरॉइड असणार. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागलं की आपल्या ग्रंथी काम सोडून बसतात. अशी पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. त्याऐवजी मोजून स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवावं लागतं, आणि बाईंचं तेच केलं.

म्हणून वजन थांबलंय की उलट चढतंय, हे आधी बघा. नुसतं थांबलं असेल तर बहुधा वर सांगितलेला हिशेबच असतो. खाणं तेच असताना चढत असेल, पाळी चुकत असेल, घोरणं इतकं वाढलं असेल की दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, तर खरा तपास सुरू होतो.

आणि काट्यासोबत कंबर मोजायला टेपही ठेवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्याकडे कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. व्यायाम चालू असेल तर काटा अडलेला असतानाही कंबर उतरत असते.

आता एक चिठ्ठी आली आहे, 'नव्या इंजेक्शनवर तरी अडत नाही ना?' अडतं. या इंजेक्शनांपैकी एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, पण शेवटी शेवटी आलेख सपाटच झाला होता. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा पहिली सुई टोचून घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा, हे किती काळ घ्यायचं आणि थांबवलं तर पुढे काय.